खिमुलीची भिटौली

पनुवाधारमध्ये एखादी गोष्ट लपवायची असेल तर माणसानं सरळ अल्मोड्याला खोली घेऊन राहावं. इथं घरं उतरणीवर अशी एकाखाली एक बसलेली, की वरच्या अंगणात कुणाला ठसका लागला तर खालच्या घरचं माणूस पाण्याचा लोटा घेऊन बाहेर येतं. त्यामुळे तल्ला सेऱ्याहून आलेला निरोप खिमुलीच्या कानी पडण्याआधी सात घरांत चघळून झाला होता, आणि तिच्यापर्यंत पोचला तेव्हा त्याला चांगलं तिखटमीठ लागलेलं होतं.

तिखटमीठ झटकून टाकलं तर निरोप एवढाच होता. खिमुलीच्या धाकट्या बहिणीची, म्हणजे हंसाची सासू, लछिमा, पाण्यावर चारचौघींत म्हणाली होती, "आमच्या सुनेची भिटौली आता बंद. बाप गेला, भाऊ देवानं दिला नाही. माहेरचा हातच उरला नाही, तर टोपली काय वाऱ्यावर येणार?"

भिटौली म्हणजे चैतात माहेरच्या माणसानं लेकीला नेऊन द्यायची टोपली. खिमुलीनं ऐकून घेतलं. हातातलं ताक घुसळणं थांबवलं नाही. निरोप घेऊन आलेल्या बाईला वाटलं होतं, आता रडारड होईल, निदान दोन शिव्या तरी ऐकायला मिळतील. खिमुली फक्त म्हणाली, "हात नाही म्हणाली?"

"हात नाही म्हणाली."

"बरं."

त्या 'बरं'वर त्या बाईनं पुढं आठ दिवस काढले. पण बरं म्हणजे काय, ते तिलाही कळलं नव्हतं आणि कुणालाच नव्हतं.

खिमुली आणि हंसाचा बाप, त्यांचे बौज्यू, उत्तम सिंह चाळीस वर्षं अल्मोड्यात एका मिठाईवाल्याकडे कारागीर होता. बालमिठाईचा खवा कुणीही भाजेल, पण तिच्यावर जे पांढरे दाणे चिकटवतात ते करणारे हात बाजारात तीन-चारच. खसखशीच्या एकेका कणावर पाकाचं पूट चढवत चढवत तो मोहरीहून मोठा करायचा. तीन दिवसांचं काम. उत्तम सिंह ते करायचा. चैत लागला की लालाकडून चार दिवसांची सुट्टी घ्यायचा, घरी स्वतः मिठाई करायचा, आणि दोन टोपल्या भरायचा. एक खिमुलीची, पनुवाधारला. एक हंसाची, तल्ला सेऱ्याला. त्याची टोपली गावात आली की ज्या घरांची एरवी एकमेकांशी बोलणी बंद असत, तीही त्या दिवशी त्या घरावरून जाता येता खोकायची. कारण भिटौली काही एकटीनं खायची नसते. लेकीनं ती दारोदार वाटायची, 'माझ्या माहेरहून आलंय' म्हणत. वर्षभर शेण काढून, गवत कापून वाकलेली सून त्या एका दिवशी ताठ चालते.

मंगसिरात, म्हणजे मार्गशीर्षात, उत्तम सिंहाला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. दोघी बहिणींचा चुलतभाऊ एक होता, प्रताप, हल्द्वानीत ट्रक चालवायचा. त्याला भिटौलीचं कळवलं तर त्यानं सांगून पाठवलं, तिकडचा माल मिळाला तर येतो. म्हणजे भिटौली बटाट्याच्या पोत्यांबरोबर येणार होती, तीही आलीच तर.

खिमुलीचं दुखणं स्वतःच्या टोपलीचं नव्हतं. ती पंचेचाळिशीची, घरात तिचाच शब्द चालायचा. दुखणं हंसाचं होतं. माघात जत्रेला दोघी भेटल्या, तेव्हा हंसानं बांगड्या बघता बघता सहज म्हटल्यासारखं म्हटलं होतं, "दिदी, या चैतात दुपारची मी गोठ्यात बसेन म्हणते. दार लावून. म्हशीला गोचिड्या फार झाल्यात." चैतातल्या दुपारी म्हणजे भिटौल्या यायची वेळ. तेव्हा शेजारच्या सुना ताटं घेऊन येणार, आणि हिच्याकडे परत द्यायला काही नसणार. खिमुलीनं तिच्या हातात दोन बांगड्या जास्तीच्या भरल्या आणि तो विषय तिथं टाकला. पण टाकला म्हणजे विसरली नाही.

संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, ते आमच्या बौज्यूंचं तांब्याचं पातेलं आणायला उद्या जाते."

डुंगर सिंह पलटणीतून नायक म्हणून निवृत्त झालेला. त्याच्याकडे पेन्शन, हुक्का आणि रेडिओ अशा तीन गोष्टी होत्या आणि तिन्हींना तो कुणाला हात लावू देत नसे. त्यानं रेडिओचा आवाज बारीक न करता विचारलं, "कशाला?"

"दाणे करायला."

"बाजारातनं किलोभर मिठाई घे आणि धाड की कुणाच्या हाती."

"कुणाच्या हाती?"

"कुणाच्याही."

"तेच तर ती म्हणतेय, माहेरचा हात हवा. आहेत ना मला दोन."

"तू बाई आहेस."

"वीस वर्षांनी लक्षात आलं का?"

डुंगर सिंहानं हुक्क्यात तोंड घातलं. खिमुलीशी वाद घालताना पहिल्या दोन वाक्यांत माघार घेतली तर जेवण गरम मिळतं, हे तो पलटणीत नव्हे, लग्नात शिकला होता.

दुसऱ्या दिवशी ती बंद पडलेल्या माहेरी गेली, कुलूप काढलं, खुंटीवरचं पसरट पातेलं उतरवलं, पाठीला बांधून आणलं. अंगणातल्या अक्रोडाच्या फांदीला तीन दोरांनी टांगलं. खाली मातीच्या भांड्यात निखारे. पातेल्यात खसखस. पाक पळीनं थेंब थेंब सोडायचा, एका हातानं पातेलं झुलवायचं, दुसऱ्या हातानं दाणे चोळायचे. लहानपणी बापाचा डबा घेऊन ती दुकानात जायची तेव्हा तासन् तास हे बघितलेलं. हात कसा फिरतो ते तिला डोळे मिटून दिसत होतं.

अख्खं पनुवाधार या ना त्या निमित्तानं अक्रोडाखाली जमलं. कुणी लोकर कातत होतं, कुणी डाळ निवडत होतं, कुणी नुसतंच उभं होतं, आणि अशांनाच सगळ्यात जास्त समजत होतं.

"पाक जास्त झाला."

"निखारा कमी आहे."

"उत्तमदा डाव्या हातानं झुलवायचे."

"तू कधी बघितलंस उत्तमदांना?"

"बघितलं नाही, पण डावखुरे होते ना."

"डावखुरे नव्हते, डावा डोळा बारीक होता."

पहिल्या दिवशी संध्याकाळी पातेल्यात दाणे नव्हते, एक गोळा होता. नारळाएवढा, पांढरा, खसखशीचे ठिपके पडलेला. डुंगर सिंहानं तो उचलून वजन केलं आणि म्हणाला, "पलटणीत असल्याची पिन काढून फेकतात." पोरांनी तो दगडानं फोडून खाल्ला. खिमुलीनं पातेलं राखेनं घासलं आणि पुन्हा खसखस मोजली.

दुसऱ्या खेपेला ती दोन दिवस टिकली. दाणे सुटे राहिले, बाजरीएवढे झाले, आणि मग एकाएकी धरले. पुन्हा गोळा, फक्त आता थोडा लांबट. शेजारच्या बचीराम काकांनी मान हलवली. "सूनबाई, हे बायकांच्या हाताचं काम नाही. बायकांच्या हाताला ओल असते."

"काका, तुमच्या हाताला काय असतं? चाळीस वर्षांत काकींनी पाण्याचा घडा कधी दिलाय तुमच्या हातात?"

काकींनी हसून डाळीत तोंड लपवलं. काका उठून गेले, पण दुसऱ्या दिवशी परत आले. खिमुलीचं काय होतंय ते न बघता त्यांनाही करमेना.

चैताचे तेवीस दिवस गेले होते. खिमुली त्या रात्री जेवली नाही असं शेजारीपाजारी सांगतात, पण ते खोटं. ती दोन भाकऱ्या नाचणीच्या आणि वाटीभर काळ्या भट्टाची, म्हणजे डोंगरी सोयाबीनची, डाळ खाऊन मगच विचार करायला बसली. बापाचा हात तिला आठवत होता. पाकाची तार आठवत होती. मग चुकत काय होतं? तिनं त्याचा चेहरा आठवून बघितला. दाणे करताना तो पातेल्यात बघतच नसे. मान थोडी वाकडी, नजर समोरच्या भिंतीवर. आणि बोलत नसे. लालानं हाक मारली तरी ओ देत नसे. ती डबा घेऊन जायची तेव्हा तोंडावर बोट ठेवून तिला बसवायचा. लहान असताना तिला वाटे, बापाला मालकाची भीती वाटते म्हणून गप्प बसवतो.

सकाळी तिनं चिमूटभर खसखस कोरड्या पातेल्यात टाकून झुलवून पाहिली. सर्र सर्र. त्यावर पळीभर पाक सोडला. आवाज बसला, जड झाला, जणू कुणी चिखलात चालतंय. चोळत राहिली. थोड्या वेळानं आवाज पुन्हा हलका झाला, आणि एक क्षण असा आला की दाणे पत्र्यावर गारा पडाव्यात तसे वाजले. तेवढ्या क्षणी पुढची पळी. त्याच्या आधी सोडली तर ओल्यावर ओलं आणि गोळा. उशीर केला तर पूट करपून पिवळं.

बाप डोळ्यांनी नाही, कानांनी दाणे करत होता. आणि हिच्या अंगणात इतके दिवस कोण होतं? बातम्या, गाणी, शेतीचा कार्यक्रम, बचीराम काका, आणि गावातली झाडून सगळी तोंडं.

ती घरात गेली आणि रेडिओच्या पाठीमागचं झाकण काढून तिन्ही सेल पदरात बांधले. बाहेर येऊन अंगणातल्या मंडळींना म्हणाली, "ज्याला बसायचंय त्यानं बसावं. बोलायचंय त्यानं नदीवर जावं."

"अगं पण..." डुंगर सिंह म्हणाला.

"तुम्हीसुद्धा."

"हुक्का?"

"गुडगुडतो. नदीवर."

पनुवाधारच्या इतिहासात असे तीन दिवस पुन्हा आले नाहीत. अंगणात माणसं बसलेली आणि तोंडं मिटलेली. काकींना एक फार महत्त्वाची बातमी कळली होती, वरच्या वाडीतल्या मास्तरणीबद्दल. ती त्यांच्या गळ्यात इतकी अडकली की दुसऱ्या दिवशी घास गिळवेना. खुणांनी सांगायचा प्रयत्न केला, तर सगळ्यांना वाटलं मास्तरणीला बैलानं मारलं. पातेलं झुलत होतं. सर्र सर्र, मग जड, मग हलकं, मग गारा. खिमुलीची बोटं भाजली, त्यांवर तूप लावून ती पुन्हा बसली. रात्री निखारे झाकून सकाळी पुन्हा उघडायची. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं मूठभर दाणे उचलून बोटांतून सोडले. गोल, पांढरे, एकेक सुटा. कुणीच बोललं नाही, आणि आता खरं तर बोलायला हरकत नव्हती.

पुढचं तिला येत होतं. दूध तिच्या एकट्या म्हशीचं पुरेना, तर सात घरांतून आलं. ज्या सात घरांनी निरोप चघळला होता तीच ती. लोखंडी कढईत बांज झाडाच्या लाकडावर दूध आटवलं, खवा काढला, साखर घालून तो पुन्हा परतला. रंग आधी बदामी, मग अक्रोडाच्या सालीसारखा, मग आणखी गडद. हा रंग यायला धीर लागतो. भित्री माणसं बदामीवरच उतरवतात. थाळ्यात थापून, गार करून, तुकडे पाडले आणि पाकाचा हात फिरवून दाण्यांत घोळवले. टोपलीत पुऱ्या, गूळ, हंसासाठी एक साडी, आणि वर मिठाई. चैत संपायला दोन दिवस होते.

"वेशीपर्यंत मी उचलतो," डुंगर सिंह म्हणाला. त्याला सेल परत मिळाले होते, म्हणून मन मोठं झालं होतं.

"नको. वेशीवर कुणी बघितलं तर नायकानं आणली म्हणतील. मग ती जावयाची होईल. माहेरची राहणार नाही."

"मग मी मागून येतो."

"बंदूक घेऊन येणार का?"

तो अंगणाच्या कडेला उभा राहिला, ती दिसेनाशी होईपर्यंत.

सुयाल नदीच्या पुलापर्यंत उतार, मग तल्ला सेऱ्याचा चढ. दुपारच्या सुमाराला खिमुली लछिमाच्या अंगणात पोचली. डोक्यावर टोपली, अंगावर पिवळ्यावर लाल ठिपक्यांचा पिछौडा, म्हणजे शुभ कामाला घेतात ती ओढणी. तल्ला सेऱ्याची रीत अशी की भिटौलीची टोपली आणणाऱ्यानं स्वतः उतरवायची नाही. घरच्या बाईनं पुढं होऊन ती डोक्यावरून घ्यायची, कपाळाला पिठ्या, म्हणजे हळदकुंकवाचा टिळा, लावायची, मग माणूस ओट्यावर बसतो. जमिनीवर टोपली टेकली तर ती भिटौली नव्हे, सामान. परत नेली तर दोन्ही घरांचं अशुभ.

लछिमा उंबऱ्यात धान्य पाखडत होती. तिनं खिमुलीकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं, आणि सूप हलवत राहिली.

"कोण?"

"मी खिमुली. हंसाची दिदी. पायलागू, ज्यू."

"जगत राहा. हे काय आणलंस?"

"भिटौली."

"कुणाची?"

"हंसाची. माहेरहून."

"माहेर बंद आहे. कुलूप मीच बघून आलेय." लछिमानं सुपातला खडा वेचून अंगणात टाकला. "तू डुंगर सिंहाच्या घरची सून. तुझ्या चुलीवरचं अन्न त्यांच्या घरचं. ते आमच्या सुनेला माहेरचं म्हणून कसं चालेल? उद्या कुणी बकरीच्या गळ्यात टोपली बांधून पाठवेल आणि म्हणेल, हा आमचा भाऊ."

अंगणाच्या कठड्यावर तीन बायका येऊन बसल्या होत्या. मग पाच झाल्या. तल्ला सेराही काही पनुवाधारहून वेगळा नाही.

"ज्यू, दूध पनुवाधारचं, साखर बाजारची. पण दाणे बौज्यूंच्या हाताचे आहेत," खिमुली म्हणाली. "त्यांचा हात माझ्यात आहे. भाऊ असता तर त्याच्यातही असता. नाही, तर मी काय करू?"

"घरी जा, आणखी काय करणार."

"टोपली उतरवून घ्या, लगेच जाते."

"मी नाही घेणार."

"मग मी उभी आहे. मला घाई नाही. संध्याकाळचं दूध आज ते काढतील."

लछिमा उठली, आत गेली आणि हातात तागाचा गुंडा घेऊन परत आली. उंबऱ्यात बसून दोर वळायला लागली. ज्याला घाई नसते त्याचं काम. खिमुली उभी राहिली. ऊन पायांवरून गुडघ्यांवर आलं. तिनं एक हात टोपलीला लावला, थोड्या वेळानं बदलला.

"तुमच्या गाईला वासरू झालं म्हणे, ज्यू?"

"झालं."

"खोंड का?"

"कालवड."

"छान झालं. दूध राहील घरात."

कठड्यावरच्या बायकांना हे असह्य झालं. भांडण बघायला आल्या होत्या आणि इथं गाईची चौकशी चाललेली. एकीनं नाक वर करून वास घेतला. "लछिमा, उत्तम कारागिराच्या मिठाईसारखाच वास येतोय गं."

"तुझं नाक मिठाईवाल्याला वीक," लछिमा म्हणाली.

झुपुली आमा सगळ्यांत म्हातारी. दात नव्हते, म्हणून शब्दांना धार लावून ठेवलेली. ती म्हणाली, "हिला स्वतःला नऊ चैतांत भावाचं तोंड दिसलं नाही. म्हणून दुसरीची टोपली डोळ्यांत खुपते."

लछिमाचे दोर वळणारे हात थांबले. खिमुलीला वाटलं असतं तर हा दगड आयता मिळाला होता, नुसता उचलून मारायचा. पण ती म्हणाली, "आमा, त्यांच्या भावाचं नाव यात नको. मी भिटौली घेऊन आलेय, उणंदुणं काढायला नाही."

लछिमानं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं. मग पुन्हा खाली बघून दोर वळायला लागली. पण आधीच्यापेक्षा हळू. टोपली मात्र तिनं घेतली नाही. एवढ्या बायकांसमोर बोललेलं लगेच गिळायचं म्हणजे घशाला त्रास.

ऊन कलायला लागलं तेव्हा वरच्या पायवाटेनं हंसा उतरली. डोक्यावर गवताचा भारा, इतका मोठा की खाली दोन पायच दिसत होते. चेहरा दिसला तो अंगणात आल्यावर. बहीण समोर उभी, डोक्यावर टोपली. हिच्या डोक्यावर गवत. दोघी समोरासमोर, दोघींचे हात वर, कुणाला कुणाचे पाय धरता येईनात की गळ्यात पडता येईना.

"दिदी," हंसा म्हणाली. "कधीपासून उभी आहेस?"

"आत्ताच आले."

"दुपारपासून!" कठड्यावरून पाच तोंडांनी एकदम सांगितलं.

हंसानं सासूकडे बघितलं. लछिमा दोराकडे बघून म्हणाली, "गवत गोठ्यात टाक. गाय ओरडतेय केव्हाची."

हंसा हलली नाही. पंधरा वर्षांत त्या अंगणात सासूनं सांगितलेलं काम करायला तिला दोनदा सांगावं लागलं नव्हतं. शेजारणींना ते माहीत होतं, म्हणून त्या कठड्यावरून पुढं वाकल्या.

"सून, ऐकलंस ना?"

"ऐकलं, ज्यू."

आणि तिनं भारा सोडला. गोठ्यात नाही, कठड्यालाही नाही. अंगणाच्या बरोब्बर मध्यभागी, नुकत्या सारवलेल्या जमिनीवर. दिवसभर कड्यावर लटकून कापलेलं हिरवं गवत शेणामातीत पसरलं. झुपुली आमाच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. चांगलं गवत असं टाकणं म्हणजे आपल्याकडे ताटातलं अन्न उडवण्यासारखंच.

हंसानं हात पदराला पुसले, बहिणीपुढं आली आणि टाचा उंचावून टोपली उतरवून घेतली. ती टोपली तिनं खाली ठेवली नाही, छातीशी धरून उभी राहिली.

"ज्यू, माझी भिटौली आली," ती म्हणाली. "पिठ्या आणू का तुम्ही आणता?"

ती टोपलीमागं लपली नाही. लछिमानं त्या पसरलेल्या गवताकडे बघितलं. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली, आत गेली, आणि ताटलीत कुंकू-हळद कालवून तांदूळ घेऊन आली. खिमुलीच्या कपाळावर तिनं पिठ्या अशी दाबून लावली की कपाळात खड्डा पडावा.

"चैत संपायला आला तेव्हा येतात का कुणी?" ती म्हणाली. "चैताच्या पहिल्या दिवसापासून, फूलदेईपासून वाट बघायला लावायची. पुढच्या साली पहिल्या आठवड्यात ये."

"येते."

"आणि तू," ती कठड्यावरच्या एकीला म्हणाली, "आता गप्प बसली आहेस, तर ते गवत उचलू लाग."

मग जे झालं ते बघायला तल्ला सेरा लोटला. हंसानं केस विंचरले, नवी साडी नेसली, ताट भरलं आणि पहिल्या घराकडे निघाली. लछिमा तिच्या मागोमाग चालली. वाटणीत कुणी गोंधळ घालू नये, म्हणून.

"घरटी चार. झुपुली आमाला मऊ बघून दे, दात नाहीत. आणि ह्यांच्याकडे पाच कशाला? यांच्या सुनेनं गेल्या खेपेला आपल्याला तीनच दिले होते, आणि तेही फुटके."

"ज्यू, देऊ दे ना आज."

"बरं, दे. पण सांग त्यांना कुणाच्या हातचे आहेत."

"माझ्या माहेरहून आलंय," हंसा प्रत्येक दारात म्हणत होती. "दिदीनं केलंय."

दाण्याला दाणा लागून कडकड वाजणारी मिठाई घराघरांत मोडली गेली. तिचं कौतुक कुणी केलं, कुणी साखर जास्त झाली म्हणालं, आणि साखर जास्त म्हणणाऱ्यानं दुसरा तुकडा मागितला. लछिमानं स्वतःचा वाटा पदराच्या गाठीत बांधला. कधी खाल्ला ते कुणी बघितलं नाही, आणि बघितलं असतं तर तुम्हाला सांगितलंच असतं.

दुसऱ्या सकाळी खिमुली निघाली. रिकामी टोपली परत पाठवायची नसते. लछिमानं तिच्यात तांदूळ, मूठभर भट्ट आणि गुळाची ढेप ठेवली, आणि ती उचलून खिमुलीच्या डोक्यावर ठेवायला गेली तर खिमुली कळवळली. मान एका बाजूला वळेचना.

"बघ, किती ऐटीत उभी होतीस," लछिमा म्हणाली. "मोहरीचं तेल कोमट करून लाव. आणि टोपली काखेत घे."

पनुवाधारला ती पोचली तेव्हा डुंगर सिंह अंगणात बसला होता. रेडिओ बंद. बचीराम काका, काकी आणि उरलेली सहा घरं आधीच हजर. खिमुली पायवाटेवरून आली, काखेत टोपली, मान ताठ, ना उजवीकडे बघितलं ना डावीकडे.

"बाई गं, किती गर्व चढला," काकी पुटपुटल्या.

"गर्व नाही, मान धरलीय," खिमुली म्हणाली. ती ओट्यावर टेकली आणि टोपली नवऱ्यापुढं सरकवली. "तेल गरम करा. पुढच्या साली पहिल्या आठवड्यात जायचंय, म्हणजे फागुनातच खसखस आणावी लागेल. दोन टोपल्यांची."

"दुसरी कुणाची?" डुंगर सिंहानं विचारलं.

"लछिमा ज्यूची. नऊ चैत झाले म्हणे. आता काही विचारू नका, मला हसता येत नाहीये, मान दुखते."